बुटकी गाडी, रोजचा रस्ता

वाचकांचे प्रश्न, तांत्रिक विभागाची उत्तरं

सेकंडहँड बाजारात स्पोर्ट्स कार एखाद्या चांगल्या एसयूव्हीच्या किमतीला मिळू लागल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदललाय. पूर्वी विचारायचे, "टॉप स्पीड किती?" आता विचारतात, "रोज ऑफिसला नेली तर चालेल का, धोका नाही ना?" त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : बाणेर ते हिंजवडी, जाऊन-येऊन रोज तीसेक किलोमीटर. २०१८ची फोर्ड मस्टँग जीटी बघून ठेवलीय. घरचे म्हणतात, असली गाडी म्हणजे जिवाशी खेळ. चारशे हॉर्सपॉवर ट्रॅफिकमध्ये खरंच धोक्याची असते का?
– एक वाचक, पुणे

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ते चारशे घोडे बहुतेक वेळ जागेवरच उभे असणार, त्यांची काळजी नको. काळजी करायची ती पहिल्या पावसाची. महिनोन्‌महिन्यांचं तेल आणि धूळ डांबरावर बसलेली असते. पहिली सर आली की त्याचा निसरडा थर होतो आणि ५१५ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, फक्त मागच्या दोन चाकांवर येतो. सिग्नल सुटल्यावर वळता वळता अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला तरी मागची बाजू बाजूला सरकते. या गाडीत 'स्नो/वेट' नावाचा मोड आहे. नाव वाचून लोक त्याच्या वाटेला जात नाहीत, पण पुण्यातल्या जूनसाठी तोच योग्य. त्यात अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद मवाळ होतो. 'ट्रॅक' मोड सार्वजनिक रस्त्यावर वापरायचा नाही, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करायचं बटण आहे म्हणून ते दाबायचंही नाही.

अपघात झालाच तर? गाड्यांच्या टक्कर-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१७मध्ये या मस्टँगला पाचपैकी दोनच तारे दिले होते. चाचणीत पुढच्या एअरबॅग पुरेशा फुगल्या नाहीत आणि मागे बसलेला पुतळा पट्ट्याखालून सरकला. त्याच वर्षी सुधारित गाडीला तीन तारे मिळाले. आपल्याकडे मस्टँग २०१६ ते २०२० या काळात विकली गेली, त्यामुळे तुम्ही बघितलेल्या गाडीत नेमकं काय काय आहे ते चासी नंबरवरून तपासा. मागची सीट मोठ्या माणसांसाठी नाहीच असं धरून चाला. दोन तारे म्हणजे गाडी पत्र्याचा डबा, असा मात्र अर्थ नाही. त्या गुणांत टक्कर टाळणाऱ्या यंत्रणांचाही वाटा असतो आणि दोन तारेवाल्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा नव्हती.

रोजचा त्रास रुंदीचा होईल. आरसे सोडून ही गाडी १.९२ मीटर रुंद आहे, स्विफ्ट १.७४च्या आसपास. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ सेंटिमीटर, म्हणजे टू-व्हीलरवाले ज्या फटीतून निघतात नेमकी तेवढीच जागा. लेनच्या मध्यावर राहा आणि सिग्नलला थांबताना डावीकडे अर्धवट फट सोडू नका. एक तर पूर्ण जागा द्या, नाहीतर अजिबात नको.

घेण्याआधी इग्निशन ऑन करून एअरबॅगचा दिवा बघा. तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय, म्हणजे ती गाडी एकदा ठोकलेली असू शकते. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले तर ते बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला माझी पोर्शे ९११ दर वेळी खाली लागते. तिरकी घातली तर निघते, पण बेसमेंटच्या रॅम्पवर पुन्हा लागते. स्प्रिंग बदलून गाडी उंच करावी का?
– एक वाचक, ठाणे

आधी गेटवर पट्टी घेऊन जा. दोष गाडीचा नसण्याची शक्यताच जास्त. रस्ते-बांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची त्रिज्या १७ मीटर. तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४५ मीटर. चारही चाकं या कमानीवर असताना पोटाखाली कमान चाकांच्या रेषेपेक्षा फक्त साडेचार सेंटिमीटर वर येते. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या स्पीडब्रेकरवरून अकरा सेंटिमीटर क्लिअरन्सची (म्हणजे पोट जमिनीपासून तेवढं उंच असलेली) गाडी आरामात जाते. सोसायटीतला स्पीडब्रेकर मात्र बहुतेकदा उरलेल्या काँक्रीटचा असतो: अर्धा मीटर रुंद, बारा सेंटिमीटर उंच. तो दोन चाकांच्या मधे आख्खाच्या आख्खा मावतो आणि बाराचे बारा सेंटिमीटर पोटाला लागतात.

रस्ता सोसायटीचा आहे, तेव्हा कमिटीला सांगून त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा उतार करून घेता येतो. (सोसायटीच्या वार्षिक सभेत "नऊशे अकरासाठी" म्हणू नका, रुग्णवाहिका आणि पाठदुखीवाले ज्येष्ठ नागरिक, यातलं काहीही सांगा. दोन्ही खरंच आहे.)

तिरकी घालण्यात तथ्य आहे. चाकं एकेक करून चढतात, त्यामुळे पोट उंचवट्यावर असताना एखादं तरी चाक वर असतं. पण तिरकी गाडी दोन गाड्यांची वाट अडवते आणि डावीकडून येणाऱ्या स्कूटरला ती वळतेय असं वाटतं. सोसायटीच्या आत ठीक, मुख्य रस्त्यावर मागे कुणी नाही हे पाहूनच. खरी चूक ब्रेकची असते. ब्रेक दाबलेला असताना नाक दोन-तीन सेंटिमीटर खाली झुकतं. तेव्हा वेग आधीच उतरवा आणि पुढचं चाक चढायच्या क्षणी ब्रेकवरून पाय काढलेला असू द्या.

रॅम्पचं गणित सोपं आहे. क्लिअरन्सला चारने गुणा आणि व्हीलबेसला त्या आकड्याने भागा. ११ गुणिले ४ म्हणजे ४४. २४५ भागिले ४४ म्हणजे साधारण ५.६. वरच्या टोकाला जिथे उतार संपून सपाट जमीन लागते, तिथे १ : ५.६ पर्यंतचा उतार गाडी सोसते. आता दोन माणसं आणि सामान भरा. गाडी दोन सेंटिमीटर बसली तर तोच आकडा ६.८ होतो. तुमचा रॅम्प १ : ६ असेल तर एकटे असताना सुटता आणि सासू-सासऱ्यांना आणताना लागते, त्याचं कारण हे.

स्प्रिंग बदलून उंच करू नका. चाकांचे कोन, हेडलाइटची दिशा आणि स्टॅबिलिटी कंट्रोलची गणितं, सगळं बिघडतं. तुमच्या गाडीत फ्रंट अ‍ॅक्सल लिफ्ट असेल तर नाक सुमारे ४० मिलिमीटर उचललं जातं, मात्र त्याला काही सेकंद लागतात. बटण गेटच्या आधी दाबायचं, गेटवर नाही. महिन्यातून एकदा खालचं प्लॅस्टिकचं कव्हर बघा. एक-दोन क्लिप तुटून पुढची कड लोंबायला लागली की वेगात त्यात हवा भरते आणि ते फाटून चाकात जातं.

प्रश्न : स्पोर्ट्स कारचे ब्रेक इतके जबरदस्त असतात, मग एक्स्प्रेस-वेवर ती साध्या गाडीपेक्षा सुरक्षितच ना?
– एक वाचक, पनवेल

समोरच्यासाठी सुरक्षित. मागच्याचं काय? ताशी ८०वरून चांगल्या टायरची स्पोर्ट्स कार ब्रेक लागल्यापासून पंचवीसेक मीटरमध्ये उभी राहते. भरलेल्या ट्रकला अंदाजे पन्नास लागतात. मागचा ट्रक तीस मीटरवर असेल तर तो ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच त्यातले वीस संपतात. तुम्ही वेळेत थांबलात, म्हणूनच तो तुमच्यावर येतो.

त्यामुळे अशा गाडीत समोरचं अंतर वाढवायचं ते स्वतःला थांबता यावं म्हणून नाही, तर हळूहळू थांबता यावं म्हणून. ताशी ८०ला तीन सेकंद म्हणजे ६६ मीटर. मधे कुणी घुसला तर पुन्हा मागे या. चिडून उपयोग नाही, दर दोन मिनिटांनी कुणीतरी घुसणारच आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. १.३ मीटर उंचीची गाडी ट्रकच्या केबिनच्या डाव्या दाराशी असली तर ड्रायव्हरला ती दिसतच नाही. आपल्याकडे ट्रक उजवी लेन धरून बसतात आणि लोक डावीकडून काढतात, म्हणजे बरोबर त्या आंधळ्या कोपऱ्यातून. काढावीच लागली तर ट्रकच्या बरोबरीने रेंगाळू नका, आणि त्याचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात दिसल्याशिवाय त्याच्यापुढे येऊ नका. दिवसाही दिवे चालू ठेवा.

प्रश्न : मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट लावला तर गाडी लोकांच्या लक्षात येते. सुरक्षिततेसाठी चांगलंच ना?
– एक वाचक, सातारा

नाही. पाइपाचं तोंड मागे असतं. आवाज ऐकतो तो मागचा, ज्याला तुम्ही आधीच दिसता आहात. पुढचा काच वर करून एसीत बसलाय. शिवाय सायलेन्सर बदलणं बेकायदा आहे.

प्रश्न : खड्ड्यात आपटून वर्षात दोन टायर गेले. टायरवाला म्हणतो, हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे धक्का कमी बसेल. बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

अगदी उलट. तुमच्या पत्रातला आकार २४५/३५ आर २०. म्हणजे टायरची बाजूची भिंत २४५च्या ३५ टक्के, फक्त ८६ मिलिमीटर. २१५/६० आर १७ असलेल्या एसयूव्हीत ती १२९ असते. खड्ड्याची कड लागली की ही भिंत रिम आणि कड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. हवा कमी असेल तर चिमटा आणखी सहज बसतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे असतात. ते टायर थंड असताना भरा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर आकडा वाढलेला दिसतो आणि पोरगा भराभर हवा सोडून देतो. त्याला थांबवा.

बाजूच्या भिंतीवर फुगवटा आला असेल तर टायर संपला. पंक्चरवाला "चालतंय, साहेब" म्हणेल, पण त्या जागी आता फक्त रबर आहे. बाहेरचा फुगवटा दिसतो, आतला दिसत नाही. म्हणून गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हात घालून आतली भिंत चाचपा. तसंच टायरची आतली कड बघा. या गाड्यांची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतात, त्यामुळे बाहेरून नवा वाटणारा टायर आतल्या काठाला तारा दिसेपर्यंत झिजलेला असतो.

टायरच्या नक्षीची खोली दाखवणाऱ्या झिजेच्या खुणेची पातळी १.६ मिलिमीटर. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरला बदलायचा विचार करा. वय भिंतीवरच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कार फिरते कमी, म्हणून नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र कडक होऊन बसलेलं असतं. एकोणीस सालचा टायर आता नको.

आणि खड्डा टाळता येणार नाही असं दिसलं तर आधी ब्रेक दाबा, चाक आत जाताना सोडा. ब्रेक दाबून खड्ड्यात जाणं म्हणजे आधीच दबलेल्या सस्पेन्शनवर घाव घालणं.

प्रश्न : ड्युअल-क्लच गिअरबॉक्स. घोडबंदर रोडवर चढणीच्या ट्रॅफिकमध्ये जळका वास येतो आणि 'गिअरबॉक्स गरम' असा संदेश येतो. गाडी मधेच बंद पडेल का?
– एक वाचक, मीरा रोड

बंद नाही, पण संरक्षणासाठी ती क्लच सोडून देऊ शकते. मग फ्लायओव्हरच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी हलत नाही. धोका तोच. ही गाडी ऑटोमॅटिक दिसत असली तरी आत क्लचच आहेत, आणि बोटभर-बोटभर पुढे सरकताना ते सतत घासत राहतात. मॅन्युअलवाले ज्याला 'हाफ क्लच' म्हणतात, तेच इथे गाडी स्वतः करते.

ब्रेक पूर्ण दाबून थांबलात की क्लच सुटतो, न्यूट्रल करायची गरज नाही. ब्रेक अर्धवट सोडून गाडी रांगवणं मात्र बंद करा. एका गाडीची जागा मोकळी होऊ द्या, मग एकदाच पुढे जा. चढणीवर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणं हे सगळ्यात वाईट. हिल-होल्ड (चढणीवर गाडी मागे न जाऊ देणारी सोय) किंवा ब्रेक वापरा. संदेश आलाच तर सुरक्षित जागी घेऊन 'पी'मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवा, म्हणजे तेल फिरून थंड होतं. गाडी अजून घ्यायची असेल आणि रोजचा रस्ता असाच असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे अशा क्लचऐवजी तेलातून जोर पुढे देणारी ऑटोमॅटिक शोधा.

प्रश्न : पावसात किती पाण्यातून नेता येईल?
– एक वाचक, दादर

पंधरा सेंटिमीटर, म्हणजे घोट्याच्या जरा वर. त्याहून खोल पाण्यात सपाट तळ बोटीसारखा पाणी ढकलू लागतो. हिंदमाताला पाणी किती आहे हे समोरच्या टॅक्सीच्या चाकावरून मोजू नका, फुटपाथच्या कडेवरून मोजा. कड दिसत नसेल तर गाडी वळवा. आणि शेजारून बस गेली की तिची लाट पाण्याच्या पातळीवर आणखी चढते, हेही धरा.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट करायचं नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विम्यात असं नुकसान नाकारलं जाऊ शकतं. 'इंजिन प्रोटेक्शन' हा वेगळा भाग पॉलिसीत आहे का, ते मे महिन्यातच बघा. पाण्यातून सुखरूप निघालात तर पुढचे शे-दोनशे मीटर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहा, डिस्कवरचा पाण्याचा थर जाईपर्यंत.

प्रश्न : २००९ची ९११ आंबोली घाटातून गोव्याला नेणार आहे. इंजिन मागे असल्याने वळणावर मागून सुटते म्हणतात. खरं किती?
– एक वाचक, कोल्हापूर

भौतिकशास्त्र खरं, दंतकथा जुनी. या गाडीचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आहे आणि साठेक टक्के वजन मागे. वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरची पकड ढिली होते आणि शेपूट बाहेर जायला बघतं. सत्तरच्या दशकातल्या टर्बोला वाईट नाव मिळालं ते यामुळे. तुमच्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल आहे, ते बऱ्याच चुका सावरून घेतं.

ब्रेकिंग वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना संपवा. वळणात हलका, स्थिर अ‍ॅक्सिलरेटर. वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेलं तर पाय झटक्यात उचलू नका, हळूहळू सैल करा. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर निघण्यापूर्वी बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि लांब उतारावर उकळून पेडल मऊ पडतं. आंबोलीच्या धुक्यात मागचा फॉग लॅम्प लावा. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही.

प्रश्न : दोन सीटर आहे. चार वर्षांच्या मुलीला शाळेत सोडायला नेऊ का?
– एक वाचक, नागपूर

मांडीवर अजिबात नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट कायद्यानेच लागते, नाहीतर हजार रुपये दंड आहे. पुढच्या सीटवर तिच्या वजनाची, पुढे तोंड केलेली चाइल्ड सीट बसत असेल तर सीट पूर्ण मागे सरकवा आणि एअरबॅगबद्दल गाडीच्या पुस्तकात काय सांगितलंय तसं करा. मागे तोंड केलेली सीट मात्र चालू एअरबॅगसमोर कधीच नको. पर्याय असेल तर शाळेला दुसरी गाडी न्या.

प्रश्न : इथे टोयोटाची जीआर८६ घेतली आहे, कंपनीचेच समर टायर आहेत. हिवाळ्यात सावकाश चालवलं तर भागेल का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

भागणार नाही. सात अंश सेल्सिअसच्या खाली समर टायरचं रबर कडक होतं, मग बर्फ नसलेल्या कोरड्या रस्त्यावरही पकड कमी पडते. तापमान शून्याच्या बरंच खाली गेलं तर अशा रबराला तडे जाऊ शकतात, असं टायर कंपन्याच सांगतात. विंटर टायर चारही चाकांना लावा. मागची चाकं गाडी ढकलतात म्हणून फक्त मागे लावले तर पुढचं टोक वळणारच नाही. भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण बघून घ्या. एक इंच लहान रिम आणि जाड भिंतीचा टायर घेतलात तर फेब्रुवारी-मार्चच्या खड्ड्यांतही फायदा होतो, फक्त तो रिम ब्रेक कॅलिपरला लागत नाही ना ते आधी बसवून पाहा. आणि दर दहा अंश फॅरनहाइटमागे साधारण एक पीएसआय हवा कमी होते. ऑक्टोबरमध्ये भरलेली हवा जानेवारीत चार-पाच पीएसआयने कमी भरेल.